लाल बावटा

स्फोटक माल घेऊन आलेल्या जहाजाने बंदरात लाल बावटा चढवायचा, हा जुना दर्यावर्दी नियम. बावट्याला भाषा लागत नाही. खलाशी कुठल्याही देशाचा असो, धक्क्यावरच्या हमालाला अक्षरओळख नसो, बंबवाला नुकताच कामावर लागलेला असो, वर पाहिले की कळते. कप्तानाच्या कागदांत असलेली माहिती बाहेर काढून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगण्याची याहून स्वस्त युक्ती नसावी. १२ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकीन’ मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले, तेव्हा त्याच्या पोटात १,३९५ टन दारूगोळा होता. बावटा मात्र नव्हता.

एरवी असे जहाज धक्क्याला लागूच देत नसत. माल खोल पाण्यात पडावांमध्ये उतरवून घ्यायचा, अशी रीत होती. युद्ध चालू असल्याने ती बाजूला ठेवली गेली. युद्धकाळात मालच एवढा येई की प्रत्येक जहाजाने बावटा चढवला असता तर गोदी लाल झाली असती, असेही कोणी म्हणेल. ते खोटे नाही, पण त्यातच गोम आहे. धोका रोजचा झाला की तो सांगण्याची गरज संपली, असे सांगणाऱ्याला वाटू लागते.

जहाज २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाले होते. त्यात तोफगोळे, टॉर्पेडो, सुरुंग, लढाऊ विमाने आणि पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या विटा होत्या. कराचीला त्यावर कापसाच्या गासड्या आणि वंगणतेलाची पिंपे चढली. दारूगोळ्याच्या जोडीला कापूस आणि तेल नको, म्हणून कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनी तक्रार नोंदवली होती. म्हणजे धोका कोणाला कळलाच नव्हता असे नाही. तो कळला होता, नोंदला गेला होता आणि नोंदीपाशीच थांबला होता.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कोठारातून धूर येताना दिसला. बंब आले, नळ लागले आणि नऊशे टनांहून अधिक पाणी आत ओतले गेले. आगीचे मूळ सापडेना. पाणी उकळू लागले. जहाज आहे तिथेच बुडवावे की ओढून समुद्रात न्यावे, यावर एकमत होईना. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर सोळा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि चार चौतीसला दुसरा. बारा किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकाने दोन्ही धक्के टिपले. पेटत्या कापसाच्या गासड्या आकाशातून गोदीवर, शेजारच्या जहाजांवर आणि गोदीबाहेरच्या वस्तीवर पडल्या. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. ढिगारा उपसायला आठ हजार माणसे सात महिने राबत होती.

मृतांचा अधिकृत आकडा सातशेच्या पुढे आहे. अनधिकृत आकडे त्याहून बरेच मोठे. अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. म्हणूनच १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या जवानांबद्दल आपण नेहमी शौर्याची भाषा वापरतो, आणि ती योग्यच आहे. मला मात्र त्यापुढचा प्रश्न सतावतो. नळ हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला आपल्या पायाखाली नक्की काय आहे हे ठाऊक होते का? गोदीबाहेरच्या रस्त्यांवर धूर पाहायला माणसे जमली होती. त्यांना तर ते निश्चितच ठाऊक नव्हते. लाल बावटा दिसला असता तर त्यातली निदान निम्मी घरी गेली असती, असे मानायला हरकत नाही.

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. स्फोटाची बातमी जगाला पहिल्यांदा दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. इथल्या पत्रकारांना तपशील पाठवण्याची परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्यांच्या घरांवर आग पडली त्यांच्या वर्तमानपत्रांनी गप्प बसायचे आणि शत्रूच्या रेडिओने बोलायचे. चौकशी आयोगाने घातपाताची शक्यता नाकारली आणि विडी-सिगारेटच्या थोटकासारख्या क्षुल्लक कारणाकडे बोट दाखवले. थोटूक कोणाचे, हा प्रश्न तेव्हा बराच चघळला गेला. त्यापेक्षा बावटा का नव्हता, हा प्रश्न मोठा होता.

आणि तो नवाही नव्हता. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेले ‘माँ ब्लाँ’ हे फ्रेंच जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून पेटले. त्यावरही लाल बावटा नव्हता. पाणबुड्यांना नेम धरायला खूण मिळू नये, हे कारण होते. आग पाहायला किनाऱ्यावर आणि खिडक्यांत माणसे जमली आणि स्फोटात अठराशेच्या आसपास मेली. शत्रूपासून लपवलेली खूण आधी आपल्याच माणसांपासून लपते, हे तिथे एकदा सिद्ध झाले होते. मुंबईला सत्तावीस वर्षांनी ते पुन्हा शिकावे लागले.

स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले. धोका गोदीतून बाहेर पडून वस्तीशेजारी येऊन बसला. १९७६मध्ये इटलीत सेव्हेसोला विषारी ढग पसरला आणि त्यावरून युरोपने १९८२मध्ये कायदा केला. आपल्याकडे तो कायदा भोपाळने करवला. २ डिसेंबर १९८४च्या रात्री लोक घराबाहेर पडून वायूतूनच धावले. ओला कपडा तोंडावर धरा, धावू नका, एवढे जरी आधी सांगितले असते तरी कित्येक वाचले असते. इस्पितळातल्या डॉक्टरांनाही समोरचा रोगी कोणत्या वायूने पोळला आहे हे धड कळवले गेले नाही. वायू मारतो तसे अज्ञानही मारते, आणि या दुसऱ्या मरणाला तंत्रज्ञान लागत नाही.

त्यानंतर १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात यांचे नियम आले. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल तर सरकारला आगाऊ कळवायचे. कारखान्याच्या आतला आपत्कालीन आराखडा मालकाने करायचा, बाहेरचा जिल्हा यंत्रणेने. मोठा अपघात झाल्यास ४८ तासांत कळवायचे. आतली रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी, बाहेरची वर्षातून एकदा. १९९६च्या नियमांनी केंद्रापासून स्थानिक पातळीपर्यंत संकट गट नेमले. जिल्ह्याच्या गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी.

हे नियम चांगले आहेत, हे आधी मान्य करावे. त्यांतला पंधरावा नियम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अपघात झाल्यास ज्यांना झळ बसेल त्यांना धोका कसला आहे आणि त्या वेळी काय करावे, काय करू नये, हे आधीच सांगितले पाहिजे, असे तो म्हणतो. लाल बावटा कायद्याच्या भाषेत लिहिला तर असाच दिसेल. बाकीचे बहुतेक नियम माहितीला वर नेतात: मालकाकडून निरीक्षकाकडे, निरीक्षकाकडून जिल्ह्याकडे. हा एकटा तिला आडवा नेतो, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे. आपल्या कचेऱ्यांना वर पाठवायची सवय जुनी आहे. पोच घेतली की काम झाले, असे वाटते. शेजाऱ्याकडून पोच कोण घेणार?

१४ जुलै २०१० रोजी मुंबई बंदराच्या शिवडीतल्या हाजी बंदर आवारात क्लोरीनचे सिलिंडर गळू लागले. शंभराहून अधिक सिलिंडर कोणी सोडवून न नेल्यामुळे १९९७पासून तिथे पडून होते. म्हणजे नियम अमलात येऊन आठ वर्षे झाली असताना माल आला आणि त्यापुढे तेरा पावसाळे तो गंजत राहिला. शंभरावर लोकांना इस्पितळात न्यावे लागले. त्यांत शेजारच्या शिक्षणसंस्थेतले विद्यार्थी होते आणि पुन्हा एकदा अग्निशामक दलाचे जवानही. फोर्ट स्टिकीन जिथे फुटले तिथून हे ठिकाण फार लांब नाही. फोर्ट स्टिकीनला घाईने घात केला असे म्हणता येते. शिवडीला ती सबब नव्हती.

डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन बारा माणसे मेली. चौकशीचा अहवाल शेवटी माहिती अधिकाराखाली अर्ज करून मिळवावा लागला. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान कंपनीत स्फोट झाला आणि पुन्हा माणसे गेली. डोंबिवलीकराला शेजारच्या कारखान्यात काय शिजते हे विचारा. तो वासावरून आणि नाल्याच्या रंगावरून सांगेल. ही लोकांनी स्वतःच उभारलेली सूचनायंत्रणा आहे, पण ती गळती झाल्यावर बोलते.

आता धोका एका आवारातही राहत नाही, टँकरमध्ये बसून रस्त्याने निघतो. त्या टँकरवर आजचा लाल बावटा लावलेला असतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक फलक हवा: रसायनाचे नाव, धोक्याची खूण, आणीबाणीत फिरवायचा दूरध्वनी आणि संयुक्त राष्ट्रांनी दिलेला चार आकडी क्रमांक. पेट्रोल १२०३, क्लोरीन १०१७. चालकाला इंग्रजी आणि एक भारतीय भाषा लिहिता-वाचता यायला हवी आणि त्याने तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले हवे.

बंगळूरच्या यशवंतपुरात तुमकूर रोडच्या कडेला उभे राहिले तर हे फलक वाचता येतात. पुण्या-मुंबईहून येणारा महामार्ग शहरात शिरतो तो याच रस्त्याने. एका बाजूला रेल्वे जंक्शन आणि बाजार समितीचे यार्ड, थोडे पुढे पीण्याची औद्योगिक वसाहत. इथल्या हमालीत, दुकानांत, कारखान्यांत कन्नड, तमिळ, हिंदी, उर्दू, मराठी, सगळ्या भाषा चालतात. नोव्हेंबर २०२०मध्ये याच शहरात म्हैसूर रोडजवळच्या बापूजीनगरात रसायनांच्या गोदामाला आग लागली, तेव्हा शेजारची घरे रिकामी करावी लागली. क्लोरीनचा नियम दहा टनांपासून लागू होतो आणि पंचवीस टनांपासून कडक होतो. गल्लीतल्या गोदामाच्या शेजाऱ्याला टनांचा हिशोब कुठून कळणार?

क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असतो. तो जमिनीलगत सरकतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून गळती झाली तर वारा कुठून येतो ते पाहून त्याच्या प्रवाहाला आडवे निघायचे आणि मग उंचावर जायचे. तळघरात शिरायचे नाही. १०१७ या आकड्यात हे सगळे आहे, तो वाचता येणाऱ्यासाठी. फलकाच्या सावलीत चहाची गाडी लावून उभ्या असलेल्या माणसाला तीन दिवसांचे प्रशिक्षण कोणी दिलेले नाही.