दमगिरी

परवा लातूरहून काकांचा फोन आला. "यंदा हेमकुंड साहिब! दादाला सांग, तयारीला लाग म्हणावं."

नांदेडला आमच्या शेजारी राहणारे सरदारजी दरवर्षी हेमकुंडला जातात. त्यांच्या जथ्यासोबत आमचे बाबा आणि काका जाणार, असा बेत शिजलाय. तसं नांदेड आणि हेमकुंड हे नातं जुनंच. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली नांदेडला देह ठेवला, आणि त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपश्चर्येची जागा म्हणून 'बचित्तर नाटक'मध्ये हेमकुंट पर्वत येतो. फरक इतकाच की गोदावरीकाठचं आमचं गाव समुद्रसपाटीपासून साधारण 360 मीटरवर आहे, आणि ते सरोवर 4,300 मीटरच्याही वर.

फोन ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण 2023 चं केदारनाथ मी विसरलेलो नाही.

तेव्हा झालं असं. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून हरिद्वार, मग गाडीनं सोनप्रयाग. दुसऱ्या दिवशी गौरीकुंडहून खेचरावर बसून संध्याकाळी थेट केदारनाथ. म्हणजे एका दिवसात सुमारे 2,000 मीटरवरून 3,583 मीटरवर. रात्री काकांचं डोकं ठणकायला लागलं, जेवण जाईना, मग उलटी. काका म्हणाले, "काही नाही रे, पित्त खवळलंय." काकूंनी पिशवीतून लिंबू आणि साखर काढली. सकाळी बूट घालायला उठले तर तोल जाऊन भिंतीला धरलं. आम्ही म्हणालो, दमलेत. थोडं झोपू द्या, दुपारी दर्शन करू.

बाहेर उभ्या असलेल्या खेचरवाल्या पोरानं काकांकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "ऊपर की हवा लग गई है. नीचे ले जाओ, अभी."

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की आम्ही निमूटपणे ऐकलं. गौरीकुंडला पोचेपर्यंत काका चहा मागायला लागले होते, आणि संध्याकाळी दर्शन चुकल्याबद्दल आमच्यावर डाफरत होते. आम्ही चार शिकलेली माणसं (पैकी दोन इंजिनिअर!) पित्त-पित्त करत बसलो होतो, आणि विशीच्या आतल्या त्या पोरानं एका नजरेत रोग ओळखला. ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. मग पुढचे बरेच शनिवार-रविवार या विषयावर मिळेल ते वाचण्यात गेले. आजचा लेख त्याचाच.

ज्याला नाव नाही असा आजार

उंचीचा त्रास साधारणपणे 2,500 मीटरच्या वर सुरू होतो. आपल्या महाराष्ट्राचं सर्वात उंच टोक म्हणजे कळसूबाई, 1,646 मीटर. म्हणजे अख्ख्या राज्यात हा आजार होऊ शकेल अशी एकही जागा नाही. त्यामुळे आमच्या घरात त्याला शब्दच नव्हता. शब्द नसला की माणूस हाताशी असलेला दुसरा शब्द चिकटवतो. आम्ही 'पित्त' चिकटवलं.

डोंगरातल्या लोकांकडे मात्र शब्द होते. चिनी इतिहासग्रंथात काश्मीर-अफगाणिस्तानाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या 'मोठा डोकेदुखी पर्वत' आणि 'छोटा डोकेदुखी पर्वत' यांचा उल्लेख आहे, तोही इसवी सनापूर्वीच्या काळातला. लडाख-तिबेटकडे त्याला 'ला-दुग' म्हणतात, म्हणजे खिंडीचं विष. गढवाल-कुमाऊँमध्ये 'बिस की हवा'. उंचावरच्या फुलांच्या वासानं विष चढतं, अशीही समजूत होती. कारण चुकीचं, पण निरीक्षण पक्कं, कारण उपाय बरोबर होता : खाली चला.

मला सगळ्यात आवडलेला शब्द फारसी आहे. मिर्झा हैदर दुगलत हा बाबराचा मावसभाऊ. त्यानं 1540 च्या दशकात काश्मीरमध्ये बसून 'तारीख-ए-रशिदी' लिहिली. त्यात त्यानं या आजाराला 'दम-गिरी' म्हटलंय. दम म्हणजे श्वास, आणि गिरी म्हणजे पकडणं. श्वास पकडणारा आजार. आपण 'दम लागला', 'जरा दम धर' म्हणतो तो दम हाच, फारसीतून आलेला. (आणि आपल्याकडे गिरी म्हणजे डोंगर! हा निव्वळ योगायोग, पण काय झकास योगायोग.)

हैदरनं हे ऐकीव लिहिलेलं नाही. त्याचा धनी, काशगर-यारकंदचा सुलतान सईद खान, 1532 मध्ये लडाखवर स्वारी करून आला. येताना दमगिरीनं आजारी, परतताना पुन्हा तेच, आणि 1533 मध्ये काराकोरमच्या वाटेवर तो वारला. भारताचा अगदी उत्तरेकडचा लष्करी तळ, दौलत बेग ओल्डी, म्हणजे 'जिथे थोर धनवान मेला ती जागा'. हे नाव याच सुलतानावरून पडलं असं मानतात. फौजफाटा, हकीम, खजिना सगळं सोबत असलेला बादशहा हवेपुढे हरला.

टक्का तोच, पगार कमी

जोसे दे अकोस्ता या स्पॅनिश पाद्र्याला अँडीज ओलांडताना असाच त्रास झाला होता. इथली हवा माणसाच्या श्वासासाठी फारच पातळ आहे, असं त्यानं 1590 च्या पुस्तकात लिहून ठेवलं. पण पातळ म्हणजे नेमकं काय, हे सिद्ध व्हायला 1878 उजाडलं. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानं बंद पेटीतली हवा काढत काढत प्राण्यांवर आणि स्वतःवर प्रयोग केले आणि दाखवून दिलं की त्रास ऑक्सिजनच्या कमी दाबामुळे होतो.

"वर ऑक्सिजन कमी असतो" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, पण ते अर्धवट आहे. हवेतला ऑक्सिजनचा टक्का नांदेडला 21 आणि केदारनाथलाही 21. कमी होतो तो हवेचा एकूण दाब. केदारनाथला तो समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के, हेमकुंडला 60 टक्क्यांच्या आसपास. पीएफचा टक्का तोच ठेवून पगारच कापला तर जे होईल, तेच.

मग शरीर काय करतं? पहिला उपाय, जोरात श्वास. पण जोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होतं. ते बघून मेंदू म्हणतो, श्वास कमी करा. एक यंत्रणा ॲक्सिलरेटर दाबतेय आणि दुसरी ब्रेक. म्हणून तर उंचावर रात्री झोपेत श्वास मध्येच थांबतो, आणि मग माणूस दचकून जोरात श्वास घेतो. या भांडणात तडजोड घडवतं मूत्रपिंड. ते बायकार्बोनेट बाहेर टाकून रक्त पुन्हा ताळ्यावर आणतं, म्हणजे ब्रेक सुटतो. पण या कामाला दोन-तीन दिवस तरी लागतात, आणि मूत्रपिंडाला डेडलाइन कळत नाही. (डायमॉक्स नावाची गोळी हेच काम थोडं लवकर करून घेते.) रक्तातल्या तांबड्या पेशी पुरेशा वाढायला तर काही आठवडे.

व्यायाम, योगासनं, रोजचं पाच किलोमीटर चालणं... या सगळ्याचा चढण चढायला उपयोग होतो. मूत्रपिंडाच्या वेळापत्रकाला त्याचं काही देणंघेणं नसतं. उलट तरणी पोरं भराभर वर चढतात म्हणून जास्त सापडतात.

न्यूमोनिया नावाची चूक

कारण कळलं, तरी चुकीचं नाव काही सुटलं नाही. 1891 साली माँ ब्लाँवर डॉ. जाकोते नावाचा तरुण डॉक्टर उंचीचा परिणाम स्वतःवर बघायचा म्हणून वरच राहिला. खाली यायला नकार दिला आणि वरच मेला. शवविच्छेदनात फुप्फुसांत पाणी आढळलं, पण हा न्यूमोनियाच असं धरून चाललं. 1913 साली चिलीतल्या खाणीवरचा इंग्रज डॉक्टर थॉमस रेव्हनहिल यानं साधा त्रास, छातीवर जाणारा आणि मेंदूवर जाणारा, असे तीन प्रकार नीट वेगळे करून लिहिले. तो लेख पुढे कित्येक दशकं कुणी उघडूनही बघितला नाही. बरोबर लिहिलेला बग रिपोर्ट धूळ खात पडला की काय होतं, हे आपल्या धंद्यात वेगळं सांगायला नको.

1960 मध्ये चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरनं (हाच के-टू मोहिमांचा नेता) एका धडधाकट तरुण स्कीपटूची केस छापली. डोंगरात त्याच्या फुप्फुसांत पाणी भरलं होतं. हृदय ठणठणीत, आणि जंतूंचा संबंध नाही. दोष उंचीचा.

पाणी का भरतं? फुप्फुसाच्या एखाद्या भागात हवा पोचत नसेल, तर शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवतं. एरवी हे फीचर उत्तम. पण उंचावर सगळ्याच फुप्फुसाला ऑक्सिजन कमी पडतो. मग सगळीकडे आवळाआवळ, कुठे जास्त कुठे कमी, दाब चढतो आणि केशवाहिन्या गळायला लागतात. जीव वाचवणारी यंत्रणाच जिवावर उठते.

लेह, 1962

आता आपल्या देशाची गोष्ट. 1948 मध्ये मेहर सिंग यांनी लेहला डाकोटा विमान उतरवलं आणि आठवड्यांची वाट तासांवर आली. तीच सोय 1962 मध्ये संकट बनली. चीनशी युद्ध पेटलं आणि मैदानातले जवान विमानानं थेट 3,500 मीटरवर उतरवले गेले. विशी-तिशीतली कमावलेली शरीरं, पण दोन-तीन दिवसांत छातीत घरघर, तोंडाला फेस. सुरुवातीला पुन्हा तोच शब्द : न्यूमोनिया.

तिथल्या लष्करी डॉक्टरांनी तो शब्द खोडला. मेनन यांनी लेहमधल्या रुग्णांचा अभ्यास 1965 मध्ये प्रसिद्ध केला. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी फुप्फुसाच्या सुजेवर, आणि 1969 मध्ये तब्बल 1,925 जवानांच्या नोंदींवरून या आजाराच्या सगळ्या रूपांवर निबंध लिहिला. त्यात मेंदूची सूजही होती : डोकेदुखी, उलटी, बडबड, आणि तोल जाणं. वाचता वाचता मी इथे थांबलो. केदारनाथच्या खोलीत भिंतीला धरून उभे असलेले काका दिसले.

त्यांचे काही उपचार पुढे बदलले. लघवी वाढवणारं औषध तेव्हा सर्रास देत, आज फुप्फुसाच्या या सुजेवर ते टाळतात. ऑक्सिजन, मेंदूच्या सुजेला डेक्सामेथासोन, फुप्फुसाला निफेडिपिन अशी साधनं आली. पण पहिला उपचार दमगिरीच्या काळापासून बदललेला नाही. खाली नेणं.

या अनुभवातून सैन्याचा जो शिरस्ता पडला तो असा : 2,700 ते 3,600 मीटरवर सहा दिवस, त्यातले पहिले दोन निव्वळ विश्रांती. 4,500 पर्यंत आणखी चार, त्याच्या वर आणखी चार. 1984 पासून सियाचेन सांभाळणारं सैन्य हे दिवस फुकट घालवलेले मानत नाही. पंचविशीतल्या जवानाला देश सहा दिवस देतो. साठी ओलांडलेल्या, बीपीची गोळी घेणाऱ्या काकांना आम्ही किती दिले? शून्य. रजा चारच दिवस शिल्लक होत्या ना! आणि हे आमच्याच घरात घडतं असंही नाही. 2022 च्या चारधाम यात्रेत दोनशेहून जास्त भाविक दगावले. त्यात हृदयविकाराच्या नोंदी बऱ्याच आहेत, पण थकलेल्या हृदयाला त्या उंचीवर कोणी आणि किती घाईनं नेलं, ते नोंदीत येत नाही.

म्हणून काकांना "जाऊ नका" म्हणालो नाही. (म्हणून उपयोगही नसतो.) नवीन वेळापत्रक पाठवलंय. आधी डॉक्टर, आणि डायमॉक्स घ्यायची की नाही ते त्यांनाच विचारायचं. जोशीमठला दोन रात्री, घांघरियाला, म्हणजे सुमारे 3,000 मीटरवर, दोन रात्री, आणि मगच हेमकुंड. वर डोकं दुखलं तर ते उंचीचंच समजायचं, पित्ताचं नाही. त्रास असताना एक पाऊलही वर नाही. सरळ रेषेत टाचेला पाऊल लावून चालता आलं नाही, किंवा बसल्याजागी धाप लागली, तर रात्र असो की पाऊस, खाली.

शेजारच्या सरदारजींना हे दाखवलं तर ते हसले. म्हणाले, हेमकुंडला कोणी रात्री राहतच नाही. दर्शन, लंगर, आणि दुपारी खाली, घांघरियाला मुक्काम. 'चढा उंच, झोपा खाली' हा गिर्यारोहकांचा मंत्र मी इतक्या शनिवार-रविवारांनंतर शिकलो, आणि त्यांच्या यात्रेची रीतच ती आहे.

काकांचं उत्तर रात्री आलं. "सहा दिवस जास्त लागतात. काकू विचारतेय, तितके दिवस तिथे करायचं काय?"

मी लिहिलं, "काही नाही. दम धरायचा."