राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ : मध्ययुगीन समाजविषयक ग्रंथकार्य

राजवाडे, विश्वनाथ काशीनाथ : (१८६३–१९२६). मराठी इतिहाससंशोधक, भाषाभ्यासक व साधनसंग्राहक. जन्म वरसई (जि. रायगड), निधन धुळे येथे. राजे आणि लढाया यांच्यापलीकडचा मध्ययुगीन समाज त्याच्याच कागदपत्रांतून वाचण्याची वाट त्यांनी मराठीत रुळवली. सातारा जिल्ह्यातील दप्तरांचा या कामात मोठा वाटा आहे.

साधने : वाई येथे हाती लागलेल्या पत्रांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या लढाईपर्यंतचा पत्रव्यवहार आहे. मालेचे एकूण बावीस खंड झाले. तिसऱ्या खंडात साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांचा पत्रव्यवहार आहे; एका संन्याशाचे सावकारी व्यवहार आणि दरबारातील वजन त्यातून उलगडते. बखरीपेक्षा अस्सल पत्र अधिक विश्वसनीय, हा दंडक राजवाड्यांनी प्रस्तावनांतून आग्रहाने मांडला. कागदांसाठी ते गावोगाव पायपीट करीत आणि वाड्यांच्या माळ्यांवरचे कागदांचे रुमाल सोडवून पाहत. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता.

समाजविषयक ग्रंथ : कवी जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ची संपादित आवृत्ती (१९२२) शहाजीराजांच्या दरबारावर प्रकाश टाकते. ‘महिकावतीची बखर’ (१९२४) हिच्या प्रस्तावनेत उत्तर कोकणातील वसाहती, जातिसमूह आणि राज्यसत्तेविषयी गावकऱ्यांची उदासीनता यांचे विवेचन आहे. विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या लेखांनी मोठी खळबळ उडवली. ते लेख त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आले.

वतनाचे कागद : मध्ययुगीन गावाचे सर्वांत बोलके साधन म्हणजे महजर, म्हणजे सभेपुढील निवाड्याचा लेख. वतनाचा (वंशपरंपरागत हक्काचा) तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावच्या भाऊबंद व वतनदारांच्या सभेपुढे आला, की दोन्ही बाजूंच्या जबान्या घेऊन निवाडा लिहिला जाई. कागदाचे ताव एकाखाली एक चिकटवून लांब पट्टी तयार करीत व तीवर मोडीत मजकूर उतरवीत. हजर मंडळींच्या नावांपुढे निशाण्या येत: पाटलाचा नांगर, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचीही साक्ष अशी कागदावर राहिली. बलुतेदार, मिरासदार (वंशपरंपरागत जमीनधारक), उपरी (बाहेरून आलेली कुळे) यांचे हक्क, मानपान आणि भांडणे येथे त्यांच्याच शब्दांत सापडतात. राजवाड्यांच्या पंधराव्या खंडापासून पुढील काही खंडांत शिवकालीन कागदांचा मोठा साठा छापला गेला.

मेढा व जावळी : अशा कागदांची गरज सातारा जिल्ह्यातील जावळी खोऱ्याच्या उदाहरणावरून कळते. वेण्णा नदीकाठचे मेढा हे आज जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे; मोऱ्यांची मूळ जावळी मात्र महाबळेश्वर तालुक्यात मोडते. आदिलशाहीच्या आश्रयाखाली ‘चंद्रराव’ किताब मिरवणाऱ्या मोरे घराण्याकडून शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी आदिलशाही सरदार अफझलखान मारला गेला. लोकांच्या स्मरणात या खोऱ्याचा इतिहास बहुधा या दोन घटनांभोवतीच फिरतो. राजवाड्यांची पद्धत लावली, तर पुढचे प्रश्न उभे राहतात: सत्ता बदलल्यावर देशमुखी, पाटीलकी कोणाकडे राहिली, डोंगरउतारावरील शेतीचा सारा कसा ठरे, गावदेवाच्या जत्रेत पहिला मान कोणाचा? त्यांची उत्तरे लढायांच्या वर्णनात मिळत नाहीत. त्यासाठी घराघरांतील वतनी कागदच उघडावे लागतात.

मूल्यमापन : राजवाड्यांच्या अनुमानांत जात्यभिमान ठळक आहे, आणि तुटपुंज्या पुराव्यावर मोठे सिद्धांत उभारण्याची घाईही आहे. नंतरच्या अभ्यासकांनी त्यांची अनेक मते बाजूला सारली आणि ते योग्यच होते. परंतु छापलेली साधने मतांवर अवलंबून नसतात. अ. रा. कुलकर्णी यांनी शिवकालीन महाराष्ट्रावरील इंग्रजी ग्रंथात (१९६९) आणि जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी मध्ययुगीन दख्खनवरील लेखांत (ग्रंथरूप १९९१) गाव, वतन व बलुते यांचा जो सखोल अभ्यास केला, त्यासाठी मराठी कागदपत्रांच्या प्रकाशनाची ही परंपरा आधारभूत ठरली. राजवाड्यांच्या नावाने धुळ्यात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचा संग्रह जपला. त्यांचे निष्कर्ष खोडण्यासाठी लागणारा पुरावाही अनेकदा त्यांच्याच खंडांत सापडतो, आणि संशोधक म्हणून त्यांचे मोठेपण यातच आहे.