दरबारी पेहराव आणि शस्त्रे, बारावे शतक (धाराशिव जिल्हा)

बाराव्या शतकात आजच्या धाराशिव जिल्ह्याचा परिसर कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे कर्नाटकातील आजचे बसवकल्याण, जिल्ह्यातील उमरग्याहून फार दूर नाही. विक्रमादित्य सहावा (कारकीर्द १०७६–११२६) याच्या दरबारात काश्मीरचा कवी बिल्हण आणि ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वर होते. जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. कोकण व कोल्हापूरचे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरूद अभिमानाने मिरवीत आणि सुवर्णगरुडाचा ध्वज वापरीत.

या काळच्या दरबाराचे सर्वांत भरघोस वर्णन ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आहे. विक्रमादित्याचा मुलगा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरील हा ग्रंथ ११२९ च्या सुमाराचा असून त्यात १०० अध्याय आहेत. त्याच्या तिसऱ्या विंशतीत (वीस अध्यायांच्या भागात) राजाचे उपभोग येतात : स्नान, तांबूल, विलेपन, वस्त्रे, अलंकार, आसन, चामर, छत्र, भोजन. वस्त्रांच्या अध्यायात मुलतान, अणहिलवाड, सिंहल, कलिंग, वंग, महाचीन अशा ठिकाणांहून येणाऱ्या कापडांची नावे आहेत. ऋतूप्रमाणे वस्त्रे बदलत : उन्हाळ्यात तलम पांढरी, पावसाळ्यात तांबूस छटांची, थंडीत लोकरीची. कापडाची ही हौस या भूमीला नवी नव्हती. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्त ‘पेरिप्लस’ तगराहून भडोचला जाणाऱ्या सुती कापडाचा उल्लेख करते.

चित्रपटांनी रुजवलेली नखशिखान्त चिलखत घातलेल्या राजाची प्रतिमा या प्रदेशातील शिल्पांशी जुळत नाही. माणकेश्वर (ता. भूम) आणि उमरगा येथील शिवमंदिरांची शिल्पे पाहावीत. तेथे मूर्तींच्या अंगावर प्रामुख्याने न शिवलेले वस्त्र दिसते : कमरेला चुण्या घालून नेसलेले, त्यावर मेखला, गळ्यात एकावर एक हार, दंडात केयूर. प्रतिष्ठा दाखवायची ती दागिन्यांनी, छत्रचामरांनी आणि सोबतच्या परिवाराने.

युद्धाचा खरा पुरावा मराठवाड्यातील गावोगावच्या वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडांवर, मिळतो. वीरगळ खालून वर वाचावा. तळच्या चौकटीत लढाई किंवा गोधनाचे रक्षण असते, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला नेतात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. वीर बहुधा उघड्या अंगाने, काचा मारून, हातात ढाल-तलवार घेऊन लढताना दिसतो. कमरेला कट्यारही आढळते. हा सामान्य लढवय्या आहे. राजग्रंथ त्याच्या वेशाबद्दल फारसे बोलत नाहीत, म्हणून या दगडांचे मोल ग्रंथापेक्षा कमी मानता येत नाही.

११५७ च्या सुमारास कलचुरी बिज्जलाने कल्याणीची सत्ता बळकावली. शतकाच्या अखेरीस देवगिरीच्या यादवांनी या भागावर जम बसवला आणि दरबाराचे केंद्र उत्तरेकडे सरकले.

‘मानसोल्लास’ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत तीन खंडांत (१९२५, १९३९, १९६१) छापला गेला, त्यामुळे तो सुरक्षित आहे. वीरगळांना ते भाग्य नाही. शेंदराच्या थराखाली गेलेले, पारापाशी किंवा बांधावर पडलेले असे दगड आपल्या गावात असतील, तर ते हलवू नयेत, रंगवू नयेत. त्यांची छायाचित्रे व जागा पुरातत्त्व खात्याला कळवावी.