चेहरा परत देणारा शल्यविशारद : डॉ. नोशीर अंतिया

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांचा परिचय करून देण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. तथापि काही माणसांचे ऋण असे असते की, ते कोणत्याही एका ज्ञातीच्या वहीत मांडून संपत नाही. मुंबईचे पारशी शल्यविशारद डॉ. नोशीर हो. अंतिया (१९२२-२००७) हे अशांपैकी एक होत. कुष्ठरोगाने विरूप झालेले डोळे, नाक व चेहरा पूर्ववत करण्याच्या शास्त्राला त्यांनी आयुष्यातील मोठा काळ दिला. ज्यांच्या गावाच्या वेशीवर आनंदवन उभे आहे त्या वरोऱ्याच्या रहिवाशांस या कार्याचे मोल निराळे सांगावयास नको.

वरोऱ्यात वकिली करणाऱ्या व तेथील नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविलेल्या बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि लवकरच खडकाळ माळावर आनंदवन आकारास आले. त्या सुमारास डॅप्सोन हे गुणकारी औषध उपलब्ध झालेले होते. म्हणजे रोग बरा होऊ लागला होता. परंतु बरा झालेला मनुष्य घरी परतला की घराचे दार उघडत नसे. औषधाने शरीरातील जंतू मरत, पण चेहऱ्यावर उमटलेली रोगाची खूण जात नसे, आणि समाज वैद्यकीय दाखला न वाचता चेहराच वाचत असे. आनंदवनासारख्या वसाहती वाढल्या त्याचे एक मुख्य कारण हेच होय.

ही खूण कशी उमटते हे समजून घेणे अगत्याचे आहे. १८७३ साली हान्सेन या नॉर्वेजियन वैद्याने शोधलेला हा जंतू शरीराच्या थंड भागांत, म्हणजे नाक, कानाच्या पाळ्या व त्वचेलगतच्या मज्जातंतूंत घर करतो. नाकाच्या आतील अस्तर आक्रसते, कूर्चा झिजते व नाक बसते. भुवया झडतात. परंतु सर्वांत मोठा घात डोळ्यांचा होतो. पापणी मिटविणारा मज्जातंतू निकामी झाला की डोळा झोपेतही उघडा राहतो. बुबुळाची संवेदना गेली की त्यात धूळ अथवा कुसळ गेले तरी कळत नाही. मग जखम, फूल आणि अखेरीस अंधत्व. इतर अंध मनुष्य बोटांच्या स्पर्शाने जग ओळखतो. ज्याची बोटेही बधिर झाली आहेत त्या रुग्णास तो आधारही उरत नाही.

तुटलेले नाक नव्याने घडविण्याची विद्या आपल्या देशाला नवी नाही. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक वृत्तान्त प्रसिद्ध झाला. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा शेतकरी ज्ञातीतील एक मराठा टिपू सुलतानाच्या हाती सापडला; त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या ज्ञातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून नवे नाक बसविले. त्या कारागिराचे नावही कोणी टिपून ठेवले नाही. परंतु तो वृत्तान्त वाचून कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ साली तीच क्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या कारागिराचे कौशल्य असे युरोपात पोहोचले.

पहिल्या महायुद्धात विद्रूप झालेल्या सैनिकांवर उपचार करताना सर हॅरोल्ड गिलीज यांनी या विद्येला आधुनिक शास्त्राचे रूप दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर अंतिया इंग्लंडमध्ये याच गिलीज यांच्या हाताखाली शिकले. अशा पदवीधारकास मुंबईत धनिकांचे सौंदर्य खुलवून विपुल द्रव्य मिळविणे अवघड नव्हते. अंतियांनी जे. जे. रुग्णालयासारख्या सार्वजनिक संस्थेत प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि पुण्याजवळील कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात शस्त्रक्रिया केल्या. ज्या पुण्याच्या परिसरातून ही विद्या परदेशी गेली, तेथेच ती एका पारशी वैद्याच्या हातून परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यांनी हाताळलेल्या शस्त्रक्रियांतील युक्ती सामान्य वाचकासही थक्क करील. बसलेल्या नाकाची बाहेरील त्वचा बहुधा शाबूत असते. नष्ट होते ते आतील अस्तर. म्हणून साच्यावर पातळ त्वचा गुंडाळून ती नाकाच्या आतून बसवावयाची व मग नाकास आधार द्यावयाचा. डोळ्याची युक्ती तर याहून सुंदर आहे. कानशिलावरील चर्वणाच्या स्नायूस निराळा मज्जातंतू असल्यामुळे तो या रोगात सहसा वाचतो. त्या स्नायूची पट्टी सोडवून ती वरच्या व खालच्या पापणीतून ओवावयाची. मग रुग्णाने दात आवळले की डोळा मिटतो. रुग्णास ही सवय पुष्कळ दिवस लावून घ्यावी लागते. पण ती लागली की दृष्टी वाचते. झडलेल्या भुवईच्या जागी टाळूवरील केसांची त्वचा लावतात. ते केस डोक्यावरच्यासारखेच वाढत असल्याने वेळोवेळी कातरावे लागतात! कुष्ठरोगातील चेहऱ्याच्या पुनर्रचनेवरील अंतियांचा निबंध १९६३ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कानाची कड दुरुस्त करण्याची त्यांनी व बुच यांनी १९६७ मध्ये मांडलेली पद्धत आजही त्या दोघांच्या नावाने जगभर ओळखली जाते.

एवढी कीर्ती मिळाल्यावर बहुतेक माणसे तेथेच स्थिरावतात. अंतियांचे विचार मात्र पुढे गेले. मोडलेला चेहरा नीट करण्यापेक्षा तो मोडूच नये यासाठी उपचार गावात पोहोचले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. १९७० च्या दशकात त्यांनी अलिबागजवळच्या मांडवा परिसरात गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे काम शिकविले, आणि त्या स्त्रिया कुष्ठरोग व क्षय यांचे रुग्ण उत्तम रीतीने हुडकू शकतात हे दाखवून दिले. १९९० साली त्यांस पद्मश्री देण्यात आली.

त्यांचा हा विचार आपल्या जिल्ह्यांस आजही लागू आहे. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी केली. ती औषधे सरकारी आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतात. २००५ अखेर देशपातळीवर रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. तरीही चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत नवे रुग्ण आढळतात. बधिर चट्टा वेळीच दाखविला तर शस्त्रक्रियेची वेळच सहसा येत नाही. मग तो लपविला का जातो? सोयरिकीच्या भीतीने! मुलीचे लग्न मोडेल, घराण्याला बोल लागेल, या धाकाने कुटुंबे चट्टा झाकतात आणि झाकल्यामुळेच पुढे तो चेहऱ्यावर येतो.

कायद्याने आपले काम उशिरा का होईना केले आहे. १८९८ चा कुष्ठरुग्णांना डांबण्याचा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. परंतु सोयरिकी जुळवितात त्या ज्ञातिसंस्था, न्यायालये नव्हेत. वधूवरांची टिपणे पाहताना, पंक्तीला पाने मांडताना जो निर्णय होतो तो आपल्याच हातचा असतो. पुण्याच्या त्या निनावी कारागिराने कावसजीला नाक दिले. अंतियांनी असंख्यांस मिटणारी पापणी दिली. शल्यविशारद चेहरा परत देऊ शकतो, घर परत देऊ शकत नाही. ते देणे ज्ञातीच्या माणसांकडे आहे. बऱ्या झालेल्या मनुष्यासाठी आपल्यापैकी प्रत्येक घराने आपले दार मोकळे ठेवावे आणि आपल्या तरुण वैद्यांनी अंतियांच्या मार्गाने चार पावले तरी चालावीत, एवढीच मंडळाच्या सर्व कुटुंबांस नम्र प्रार्थना.