थेंबाचे मोजमाप

जे फार थोडे असते ते नगण्य असते, असे समजण्याचा मोह माणसाला नेहमी होतो. शरीराचा कारभार मात्र पुष्कळदा अशा थोड्यांच्याच हाती असतो. ज्यांना आपण एन्झाइमे म्हणतो ती विकरे रक्तात कित्येकदा ग्रॅमच्या अब्जांशाइतकीच सापडतात. त्यातून प्रयोगाचा प्राणी उंदीर असला, तर त्याच्या अंगातले सगळे रक्त जेमतेम दोन मिलिलिटर. त्यातल्या एका थेंबातून, हजारो प्रथिनांच्या गर्दीतून, एकच विकर हुडकून मोजायचे कसे?

या प्रश्नाच्या उत्तराचा उगम विकरांत नाही, मधुमेहात आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या इस्पितळात १९५० साली सॉलोमन बर्सन हे डॉक्टर आणि रोझलिन यॅलो या पदार्थविज्ञानाच्या विदुषी एकत्र काम करू लागल्या. किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावलेले इन्शुलिन त्यांनी रुग्णांना टोचले. पूर्वी इन्शुलिन घेतलेल्यांच्या रक्तातून ते फार सावकाश नाहीसे होई. म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती आणि ती त्याला धरून ठेवीत होती. इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण होतच नाहीत, अशी तेव्हाच्या पंडितांची खात्री. निबंध परत आला. १९५६ साली तो छापला गेला, तो शीर्षकातून 'प्रतिपिंड' हा शब्द गाळून! पुढे १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा यॅलोबाईंनी आपल्या व्याख्यानात ते नकाराचे पत्रच पुढे मांडले. तो दिवस पाहायला बर्सन मात्र नव्हते. १९७२ सालीच ते निवर्तले होते.

जे धरून ठेवते, त्याच्याच आधाराने मोजताही येते, हे या दोघांनी ओळखले. खुणेचे इन्शुलिन आणि रुग्णाचे इन्शुलिन प्रतिपिंडावरील जागेसाठी झगडतात. रुग्णाचे जितके अधिक, तितके खुणेचे कमी चिकटते. १९६० साली ही पद्धत त्यांनी सविस्तर मांडली आणि तिचे पेटंट घेतले नाही.

पुढे किरणोत्सर्गाची जागा निर्धोक खुणांनी घेतली. १९७१ साली स्टॉकहोमला एंगव्हाल व पर्लमन यांनी खूण म्हणून विकरच वापरले. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी उंदराच्या प्लीहेतील पेशींचा अर्बुदाच्या पेशींशी संयोग करून एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी मिळविण्याची वाट दाखविली. ल्युमिनॉल या द्रव्याचा थंड उजेड १९२८ सालापासून ठाऊक होता. तोही कामाला आला.

आजच्या तयार संचात या सर्वांचा मिलाफ आहे. तबकडीच्या खळग्यात बसविलेले प्रतिपिंड नमुन्यातील विकर पकडते. दुसरे प्रतिपिंड त्यावर बसते, आणि त्याला जोडलेले पेरॉक्सिडेज ल्युमिनॉलला उजळविते. जितके विकर, तितका उजेड. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांशी तो ताडून पाहिला की आकडा मिळतो.

पण तो आकडा कशाचा? प्रतिपिंड ओळखते ते विकराचे रूप, त्याची कामगिरी नव्हे. स्वादुपिंडातून ट्रिप्सिन बाहेर पडते तेव्हा ते निष्क्रिय असते, आतड्यात पोचल्यावर जागे होते; निजलेले आणि जागे, दोन्ही प्रतिपिंडाला सारखेच दिसू शकतात. हजेरीपट नोकर किती हे सांगतो. काम किती झाले हे सांगत नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा घ्यावी लागते. एकेकाळी पंडितांनी आपल्या समजुतीला पुरावा मानले. आता यंत्राच्या आकड्याला संपूर्ण सत्य मानण्याची चूक आपण करू नये, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.