चिठ्ठी कोणाच्या नावाची?

जव्हारच्या मांडवात कॅन्सरवर बोलायला कामगार चळवळीतली माणसे कशाला, असे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही डॉक्टर नव्हे, शिक्षणही वाचनालयातले. परंतु चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन वाटे करायचे, एकास काही द्यावयाचे व दुसऱ्यास नाही, हा व्यवहार कळायला डॉक्टर असावे लागत नाही.

गिरणगावातले टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. त्याच हॉस्पिटलच्या डॉ. इंद्रनील मित्रा प्रभृतींनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून एक चाचणी मांडली. वीस वस्त्या, ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. दहा वस्त्यांतल्या ७५,३६० जणींची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, स्तनांची हाताने तपासणी झाली. क्ष-किरणांचे यंत्र आपल्यासारख्या देशाला परवडणारे नव्हे. म्हणून दहावी शिकलेल्या मुलींना तयार करून त्यांच्या बोटांवर भिस्त ठेवली. उरलेल्या ७६,१७८ जणींना एकवार माहिती सांगितली. पुढे चौकशी तेवढी केली, कोणाला रोग झाला, कोण गेले.

हे न्याय्य होते काय? त्याच चाचणीत गर्भाशयमुखाचीही तपासणी होती व त्या भागावर परदेशातून कडक आक्षेप आले. ते आम्हाला अगदीच पोकळ वाटत नाहीत. स्तनांच्या बाबतीत मात्र, नुसत्या हाताने प्राण वाचतात की नाही हे तेव्हा खरोखरच कोणास ठाऊक नव्हते. न कळता सर्वांना वाटणे हाही एक प्रकारचा जुगारच.

वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांत रोग वाढलेल्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण शेकडा ३७, इतरांत ४७. मृत्यू एकंदरीत शेकडा १५ ने कमी. पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र मृत्यू सुमारे शेकडा ३० ने घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही.

आता आपल्या जव्हार-मोखाड्याकडे या. दोन वर्षांनी त्याच दारी जायचे, तर दार उघडे हवे. येथे दिवाळी सरली की कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. भट्टीवर हजेरीची वही घेऊन आम्ही पुष्कळ हिंडलो. एकदा एका बाईने आमच्या कार्यकर्तीला पदराआडची गाठ दाखवली, तेव्हा ती फुटून वाहत होती. ‘दुखत नव्हती, म्हणून बोलले नाही,’ एवढेच ती म्हणाली. खाडा धरला तर उचल फिटणार कशी, हेही होतेच.

सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात तिशीपुढील स्त्रियांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा गावच्या उपकेंद्रात करावी, असे आहे. मुंबईत ती दोन वर्षांनी होती, हा फरक ध्यानात ठेवावा. आणि यादी गावची, बाई भट्टीवर. यंदाच्या ग्रामसभेत ही तारीख पावसाळ्यात, आवणीच्या आधी वा नंतर धरावी, अशी मागणी आम्ही मांडणार आहोत.