एकशे आठची वाटचाल

पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ. दोन्ही काठांवर मराठी कानी पडते आणि जिवावर बेतले की दोन्हीकडे एकच क्रमांक फिरवला जातो. पलीकडची 108 सेवा महाराष्ट्राने 2014 मध्ये सुरू केली, 937 रुग्णवाहिकांनिशी. अलीकडची त्याहून जुनी. ती चालवणारी संस्था म्हणजे ईएमआरआय, आणि तिचे संस्थापक बी. रामलिंग राजू.

राजूंनी 1987 साली हैदराबादेत 'सत्यम कॉम्प्युटर्स' सुरू केली. 2001 मध्ये कंपनीची नोंदणी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात झाली. 2005 मध्ये त्यांनी ईएमआरआय ही ना-नफा संस्था काढली आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला 108 ची पहिली घंटा वाजली. नमुना अमेरिकेच्या 911 चा, संगणकप्रणाली सत्यमची.

रचना साधी होती. फोन नियंत्रण कक्षात घेतला जाई, जवळची गाडी निघे, गाडीतला तंत्रज्ञ वाटेतच उपचार सुरू करी आणि अडल्यास फोनवर डॉक्टरांचा सल्ला घेई. प्रशिक्षणाला स्टॅनफर्ड विद्यापीठाचे साहाय्य मिळाले. चालकाला येथे 'पायलट' म्हणतात. शब्द ऐटबाज खरा, पण उटनूर किंवा नारनूरकडच्या पावसाळी रस्त्यावर गाडी हाकणाऱ्याला तो शोभतो. गोंड आणि कोलाम वस्त्यांपर्यंत रस्ता जातोच असे नाही. नाल्याला पाणी आले की गाडी अलीकडे थांबते. गरोदर बाईला घरची माणसे खाटेवर घालून पाण्यातून आणतात, आणि रुग्णालय गाठण्याआधी गाडीतच बाळंतपण उरकण्याची वेळही येते. 2008 मध्ये आदिलाबाद शहरात रिम्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा या गाड्यांना जिल्ह्यातच मोठा मुक्काम मिळाला.

2007 मध्ये गुजरातने ही सेवा स्वीकारली, 2008 मध्ये गोवा, तमिळनाडू, कर्नाटक आदी राज्यांनी. संस्थेचा हा बहराचा काळ. सत्यमला त्याच वर्षी उत्तम कंपनी-कारभारासाठी 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला होता, हे आज वाचताना कसेसेच होते.

16 डिसेंबर 2008 रोजी सत्यमने राजू कुटुंबाच्या मेटास कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले. मेटास म्हणजे रोमन अक्षरांत उलटे लिहिलेले सत्यम. भागधारक खवळले आणि काही तासांत व्यवहार गुंडाळावा लागला. 7 जानेवारी 2009 रोजी राजूंनी पत्र लिहून कबुली दिली: ताळेबंदात रोख आणि बँकशिल्लक म्हणून दाखवलेल्या 5,361 कोटींपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. खोटी बिले आणि मुदत ठेवींच्या बनावट पावत्या पुढे तपासात निघाल्या. पत्रानंतर दोन दिवसांत राजूंना अटक झाली. ईएमआरआयचे अध्यक्षपदही सुटले.

सेवा मात्र बंद पडली नाही. चालवण्याच्या खर्चापैकी 95 टक्के वाटा सरकार उचलत होते, सत्यमच्या तिजोरीवर गाड्यांचे डिझेल अवलंबून नव्हते. तरी अध्यक्ष तुरुंगात आणि संस्थेला वाली नाही, अशा दिवसांत फोन घेत राहिलेल्या कर्मचाऱ्यांचे आणि रात्रपाळीच्या पायलटांचे श्रेय वेगळेच. 2009 मध्येच जीव्हीके समूहाने धुरा घेतली. राजूंच्याच पुढाकाराने सुरू झालेल्या 104 आरोग्य सल्ला सेवेच्या संस्थेला पिरामल समूहाने आधार दिला. खुद्द सत्यम एप्रिल 2009 मध्ये टेक महिंद्राकडे गेली आणि 2013 मध्ये तिच्यात विलीन झाली. 9 एप्रिल 2015 रोजी हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्या महिन्यात ती स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला.

दरम्यान 2014 मध्ये आदिलाबादसह तेलंगण वेगळे झाले, 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. पुढे जीव्हीकेचे नावही गळले आणि संस्था 'ईएमआरआय ग्रीन हेल्थ सर्व्हिसेस' झाली. उटनूरच्या बाजूला फोन करणाऱ्याला यातले काही ठाऊक नसते. तो गावाचे नाव सांगतो, नाल्याला पाणी किती ते सांगतो आणि रस्त्यावर कंदील धरून उभा राहतो.